चाळीस मीटरवरचा तराफा

सिंगापुरातल्या यिशुनच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, रविवारी सकाळी सातला निम्मी टेबलं रिकामी असतात. अशा एखाद्या रिकाम्या टेबलाजवळ हातात ट्रे घेऊन कुणी पन्नाशीचा माणूस उभा दिसला, आणि तो शेजारच्या म्हाताऱ्याला "अंकल, इथे कुणी बसलंय का?" असं विचारत असला, तर खुशाल समजा की हा आमचा शिवदास खोब्रागडे. म्हातारा टेबलाकडे बघणार, मग शिवदासकडे बघणार, मान हलवणार. तेव्हा कुठे हा खुर्ची ओढणार.

"अहो, दिसतंय ना रिकामं? बसायचं सोडून चौकशा कसल्या करता?" सरिता, त्याची बायको, दर रविवारी म्हणायची.

"विचारलेलं बरं," शिवदास म्हणायचा.

बावीस वर्षांच्या संसारात सरितानं हे दोन शब्द इतक्यांदा ऐकले होते की ती आता त्याच्याआधीच म्हणून मोकळी व्हायची. लिफ्टमध्ये शिरताना विचारायचं, ऑफिसात आपल्याच हक्काची रजा घेताना तीनदा विचारायचं, लायब्ररीतलं वर्तमानपत्र उचलताना विचारायचं. सिंगापूरला तेरा वर्षं झाली, एम्प्लॉयमेंट पास जाऊन पीआर, म्हणजे कायमचा मुक्काम, झाला, स्वतःचा फ्लॅट झाला, पण ह्याचं विचारणं काही सुटलं नाही. मैत्रिणी म्हणायच्या, किती सभ्य गं तुझे मिस्टर. सरिता म्हणायची, सभ्य कसले डोंबलाचे, वैताग आहे नुसता.

तर अशाच एका रविवारी, २०१५च्या डिसेंबरात, त्या टेबलावर त्याच्या मुलीनं त्याला पेचात पकडलं.

मुलीचं नाव एकता. वय अठरा. ए लेव्हलची, म्हणजे तिकडच्या बारावीची, परीक्षा नुकतीच संपली होती आणि पुढच्या सप्टेंबरात ती शिकायला ग्लासगोला जाणार होती. शिवदास खुशीत होता. काया टोस्टचा, म्हणजे नारळाचा जॅम लावलेल्या पावाचा, तुकडा मोडत तो म्हणाला, "बोल, काय हवं तुला? माग काय ते." त्याच्या डोक्यात लॅपटॉप होता.

एकतानं फोन त्याच्यासमोर धरला. फोनवर डोंगरांच्या मधलं एक तळं. हिरवं-निळं पाणी, काठावर गवत, आणि काठापासून थोड्या अंतरावर पाण्यात तरंगणारा लाकडी तराफा. तराफ्यावर माणसं पाय सोडून बसली होती.

"ऑस्ट्रिया," ती म्हणाली. "आल्प्समध्ये असूनही पाणी गरम असतं, बाबा. डोंगरावरची थंड नदी त्यात पडतच नाही, आणि वारा अडतो. जुलैमध्ये सत्तावीस डिग्री. सो, नो सर्दी, नो कानदुखी, नो एक्स्क्यूज. तुम्ही आणि मी. काठापासून त्या तराफ्यापर्यंत. एकदाच. मी जायच्या आधी."

शिवदासच्या तोंडून "हो" निघून गेलं. आणि निघाल्यानिघाल्या टोस्टचा घास त्याच्या घशात अडकला.

कारण शिवदासला पोहता येत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, पुष्कळांना येत नाही. अहो, पण हा माणूस होता भंडारा जिल्ह्यातला! जिथे गावागणिक तलाव आहेत, जिथली पोरं चालायला लागतात न लागतात तोच पाण्यात डुंबायला लागतात, त्या जिल्ह्यातला. शिवाय पोटापाण्याचा धंदा काय, तर पाणी! एका पाणी शुद्ध करणाऱ्या कंपनीत तो इंजिनियर होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्याचे नमुने घ्यायचे, तपासायचे, कुठल्या पाण्यात काय मिसळलंय ते सांगायचं. पाण्याची रग न् रग त्याला ठाऊक होती. फक्त मोठेपणी घोट्याच्या वर त्यानं ते कधी अंगाला लावून घेतलं नव्हतं.

एकता सहा वर्षांची असल्यापासून शनिवारी यिशुनच्या पूलवर जायची. शिवदास तिला घेऊन जायचा आणि तिसऱ्या पायरीवर टॉवेल मांडीवर घेऊन बसायचा. पोरीनं पाण्यातून हाक मारायची, "बाबा, या ना!" आणि ह्यानं म्हणायचं, आज सर्दी आहे. आज कान दुखतोय. आज चड्डी विसरलो. हळूहळू पोरीनं हाक मारणं सोडलं. शिवदासला वाटलं, सुटलो बुवा एकदाचे. पण रात्री जेवताना तिच्याकडे बघितलं की आत काहीतरी टोचायचं.

बारा वर्षांनी तिनं पुन्हा हाक मारली होती. ही हाक चुकवली तर तिसरी येणार नाही, एवढं त्याला पक्कं कळत होतं. त्या दिवसापासून त्याच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही.

जानेवारीत त्यानं यिशुनच्याच पूलवर गुपचूप पोहण्याचा क्लास लावला. सरिताला माहीत होतं, एकताला सांगायचं नाही असं ठरलं. शिकवायला लिओंग आँटी. सहासष्ट वर्षांची बाई, चणीनं एवढीशी, पण आवाज असा खणखणीत की पूलच्या दुसऱ्या टोकाचा माणूस दचकून उभा राहावा. पहिल्या दिवशी शिवदास काठाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आत येऊ का?"

"येस, येस, कम," आँटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आत येऊ का?" तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोन आठवडे बाईंनी सहन केलं. मग एक दिवस त्या कडाडल्या, "व्हाय एव्हरी टाइम आस्क? यू पे ऑलरेडी, पूल ओपन ऑलरेडी! गो इन, लाह!"

शिवदासनं त्यालाच परवानगी धरलं आणि आत उतरला.

एक मात्र खरं, माणूस चिवट. घरात भाजी धुवायच्या मोठ्या पातेल्यात पाणी भरून त्यात तोंड बुडवून श्वास सोडायची प्रॅक्टिस चालायची. सरिता ओरडायची, "अहो, त्यात मला पालक धुवायचाय!" झोपेतही पाय चालायचे. बिचारीनं मध्ये उशीची भिंत घातली. ऑफिसात मीटिंगमध्ये टेबलाखाली ह्याचा गुडघा हलत असायचा. मार्चमध्ये तो दहा मीटर पोहला, एप्रिलमध्ये पंचवीस. मेच्या अखेरीस, नाकातोंडात पाणी जात, पण न थांबता, अख्खे पन्नास. आँटी म्हणाली, "कॅन ऑलरेडी. राफ्ट ओन्ली फॉर्टी, राइट? कॅन!"

म्हणजे झालं की नाही काम? छे! तिथेच तर खरी मेख होती.

जूनमधल्या एका शनिवारी लिओंग आँटीला यायला वीस मिनिटं उशीर झाला. शिवदास अंघोळ करून, टोपी घालून, गॉगल लावून काठाशी उभा राहिला. पाणी समोर होतं. पूल उघडा होता. पोरं त्याच्या दोन्ही बाजूंनी धपाधप उड्या मारत होती. ह्याला पोहता येत होतं. आणि तरी ह्याचा पाय उचलेना. इकडे बघ, तिकडे बघ, लाइफगार्ड लांब खुर्चीवर बसलेला, त्याला कसं विचारायचं? अंगावरचं पाणी वाळून गेलं, तरी हा आपला उभाच. वीस मिनिटांनी आँटी धावत आली, तिनं नुसता हात केला, आणि शिवदास सरळ पाण्यात.

त्या दिवशी घरी जाताना तो पहिल्यांदा स्वतःशी म्हणाला, की हे काही बरोबर नाही. तिथे तळ्यावर आँटी नसणार. तिथे हात कोण करणार?

हे त्याला का होतं, ते त्याला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं, एवढंच. त्याला राहून राहून वडिलांची आठवण येत होती. २००९ साली ते एकदाच सिंगापूरला आले होते. शिवदास त्यांना घराजवळच्या लोअर सेलेटर जलाशयावर फिरायला घेऊन गेला. म्हातारा कठड्याला धरून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.

"हे पानी कोनाचं?" त्यांनी विचारलं.

"सरकारचं. सगळ्यांच्या पिण्याचं पाणी आहे, बाबा."

"आन् आत उतराचं असन त?"

"उतरायला बंदी आहे. कुणालाच पोहता येत नाही इथे."

"कोनालेच नाही?"

"कुणालाच नाही."

"मंग बरं हाय," वडील म्हणाले, आणि मोठ्यानं हसले. मग बाकावर बसून त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि तासभर तिथे आरामात बसले. दोन वर्षांनी ते गेले.

जुलैत हे तिघे निघाले. व्हिसासाठी शिवदासनं जी फाइल केली होती ती उचलायला दोन हात लागत. सिंगापूरचे कागद, भारताचे कागद, ऑफिसचं पत्र, राहण्याच्या जागेचं पत्र, आणि कुणी न मागितलेली लग्नपत्रिकासुद्धा. व्हिएन्नाच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं पासपोर्टवर ठप् करून शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. शिवदास तिथेच उभा. "आम्ही जाऊ?" त्यानं विचारलं. एकतानं त्याला दंडाला धरून ओढत नेलं.

तळं मात्र फोटोत होतं तसंच निघालं. चहूबाजूंनी डोंगर, लांबच्या शिखरांवर जुलैतही पांढऱ्या रेघा, आणि काठावर उघड्या अंगानं उन्हात लोळणारी माणसं. राहायला एका मोझरबाईंच्या घरी खोली घेतली होती. बाई साठीच्या, गालांवर लाली, मोडकं इंग्रजी, अखंड बडबड. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी जेवायला उकडलेल्या करंज्या वाढल्या. आत ताज्या चीजचं आणि पुदिन्याचं सारण, वर लोणी. सरितानं एक करंजी उलटीपालटी करून कडा बघितली आणि ती हरखूनच गेली. "अहो, ही मुरड बघा! हातानं घातलीय! आमच्या आईचीसुद्धा एवढी बारीक नव्हती." मग काय, दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी बायका पिठाचे हात करून ओट्याशी उभ्या. भाषेवाचून कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते शिवदासचं.

पहिल्या दिवशी काठावर त्याला एक पाटी दिसली. लाल गोल, मध्ये आडवी रेघ, खाली जर्मन मजकूर. सिंगापुरात तेरा वर्षं काढलेला माणूस! लाल गोल दिसला की दंड, हे समीकरण डोक्यात पक्कं. त्यानं पोहण्याची पिशवी खाली ठेवली आणि जाहीर केलं, "आज पोहायला बंदी दिसतेय."

"बाबा, चाळीस माणसं पाण्यात आहेत," एकता म्हणाली.

"ते इथले आहेत."

सरितानं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. पण तो पाटीचा फोटो काढण्यात गुंतला होता. एकतानं फोनवर भाषांतर केलं. पाटी म्हणत होती, बदकांना पाव घालू नये.

मायलेकी पोट धरधरून हसल्या. शिवदासही हसला. पण तोवर उन्हं कलली, आणि "आता उद्या" असं म्हणून त्यानं पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी ह्या गृहस्थानं काय करावं? बॅगेत आणलेलं टेस्ट किट काढून गुडघ्यावर बसून तळ्याचं पाणी तपासायला घेतलं! बाटल्या झाल्या, थेंब झाले, रंग बघून झाले. "अप्रतिम पाणी आहे," तो येऊन म्हणाला. "पिता येईल असं आहे. अंघोळीचंही तेच आणि पिण्याचंही तेच. माझ्या उभ्या आयुष्यात असा रिझल्ट बघितला नाही."

"मग आत कधी जायचं?" एकतानं विचारलं.

"जेवून लगेच पोहू नये."

एकता एकटीच तराफ्यापर्यंत पोहत गेली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. शिवदास काठावर टॉवेल मांडीवर घेऊन बसला. यिशुनची तिसरी पायरी आणि हे गवत, फरक काहीच नव्हता. त्याला स्वतःची इतकी चीड आली की हातातली काडी मोडून मोडून त्यानं भुगा केला.

त्या संध्याकाळी गावात गाण्याचा कार्यक्रम होता. चौकात लांब लांब बाकं मांडली होती. गावातलेच बायका-पुरुष, ठेवणीतले पारंपरिक कपडे घालून, गोल करून उभे राहिले आणि कुठल्याही वाद्याशिवाय, संथ, एकमेकांच्या आवाजात आवाज मिळवत गायला लागले. अर्थ कळत नव्हता. पण सरिताच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात शिवदासला एक गोष्ट दिसली. येणारा प्रत्येक माणूस बाकावर बसण्याआधी तिथे बसलेल्यांना काहीतरी विचारत होता. एकच छोटा प्रश्न, शेवटी हात पुढे.

"काय विचारतात हे?" त्यानं मोझरबाईंना विचारलं.

"इथे मोकळं आहे का, असं," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे विचारल्याशिवाय कुणाच्या शेजारी बसत नाहीत."

"आणि कुणी नाही म्हटलं तर?"

बाई हसल्या. "नाही कशाला म्हणेल?"

शिवदासला केवढा आनंद! "बघ, सरिता! इथले लोकही विचारतात! मी म्हणत होतो ना?"

"ते विचारतात आणि बसतात," सरिता म्हणाली. "तुम्ही विचारता आणि उभेच राहता."

बोलून गेली आणि तिलाच वाईट वाटलं. उरलेलं गाणं शिवदासला ऐकू आलं नाही.

तिसरा दिवस शेवटचा. दुपारी दोनची गाडी होती. सकाळी आठला एकता पोहण्याच्या कपड्यांत खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "मी चाललेय तळ्यावर. तुम्ही या, नाहीतर नका येऊ. मी विचारणार नाही."

शिवदास गेला. टोपी घातली, गॉगल कपाळावर चढवला, टॉवेल खांद्यावर. मागोमाग सरिता. पाणी एवढं स्वच्छ की तळचे गोटे मोजावेत. काठावर फारसं कुणी नव्हतं. लांब एक-दोन डोकी पोहताना दिसत होती. पाण्यात उतरायला चार लाकडी पायऱ्या होत्या. शिवदास पहिल्या पायरीच्या अलीकडे थांबला आणि ज्या गेटवर तिकीट घेतलं होतं तिकडे मान वळवून बघायला लागला.

"आता काय?" एकता म्हणाली.

"त्या गेटवरच्या बाईंना एकदा विचारून येतो. उतरायची वेळ झालीय का ते."

"बाबा!" एकता अशी ओरडली की बदकं उडाली. "तिकीट आहे तुमच्या हातात! मला माहितीय तुम्हाला पोहता येतं. लिओंग आँटीनं मला मार्चमध्येच सांगितलं. मी चोरून बघायला यायची, वरच्या गॅलरीतून. पन्नास मीटर पोहलात तेव्हा मी रडले तिथे. मग आता काय आहे? माझ्याबरोबर यायचं नाहीये का? तसं सांगा ना सरळ! व्हाय डू यू आस्क एव्हरीबडी?"

शिवदासनं तोंड उघडलं. विचारलेलं बरं, असं म्हणायला गेला. पण शब्द काही वेगळेच आले.

"मी आठ वर्षांचा होतो," तो म्हणाला.

"आमच्या गावचा तलाव मोठा. त्याला दगडी पायऱ्यांचा घाट होता, पण तो आपल्या लोकांचा नव्हता. आपल्या वस्तीसाठी खालचं टोक. गुरं धुवायचे ना, त्याच्याही खाली. त्या वर्षी उन्हाळ्यात खालच्या टोकाचं पाणी आटलं, नुसता चिखल राहिला. मला वाटलं, पाणी तर तेच आहे. मी घाटावरून उतरलो. छातीपर्यंत गेलो. इतकं गार वाटलं, एकता. इतकं गार वाटलं."

सरिता दोन पावलं जवळ आली.

"कुणी मारलं नाही मला. एक शब्द बोललं नाही कुणी. घाटावरच्या एका माणसानं फक्त माझ्या वडिलांना बोलावून आणलं. ते कुणाच्या तरी शेतात राबत होते. अंगावर माती तशीच. सगळ्या गावासमोर तो माणूस म्हणाला, पोराला समज दे. आणि माझ्या वडिलांनी हात जोडले. मी पाण्यात, आणि ते वर पायरीवर हात जोडून उभे. चुकलं म्हणाले, पोरगं लहान आहे म्हणाले. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांचे ते हात..." त्यानं टॉवेलाचं टोक मुठीत आवळलं. "घरी जाताना एवढंच म्हणाले, बापू, इचारल्याबिगर पान्यात पाय नाही टाकाचा. कुठंच नाही."

"बावीस वर्षांत मला नाही सांगितलंत हे?" सरिता हळूच म्हणाली.

"सांगण्यासारखं काय होतं त्यात? मारलंसुद्धा नव्हतं कुणी."

एकताचे डोळे भरून आले होते. तिनं मनगटानं नाक पुसलं, वळली, आणि पायऱ्या उतरून पाण्यात गेली. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि त्याच्याकडे तोंड केलं.

"मला विचारा," ती म्हणाली.

"काय?"

"आत येऊ का, असं विचारा. मला."

"येऊ का?" त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. त्यानं पुन्हा विचारलं. "एकता, आत येऊ का?"

तिनं हो म्हणायला तोंड उघडलं. ओठ तसे झालेसुद्धा. आणि मग तिनं ते गच्च मिटले.

"नाही," ती म्हणाली. "मी हो म्हणणार नाही, बाबा. मी हो म्हटलं तर उद्या तुम्ही दुसऱ्या तळ्यावर दुसऱ्या कुणाला तरी विचाराल. मी उत्तरच देणार नाही. मी इथे उभी आहे."

आणि ती उभी राहिली. दात ओठांत रुतवून, रडत, पण एक अक्षर न बोलता. बापाचा चिवटपणा लेकीत उतरला होता की काय कोण जाणे.

शिवदासनं गेटकडे बघितलं. तिकडे कुणी नव्हतं. सरिताकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. मान डोलावलेली त्याला दिसली तर तो तेवढ्यावर उतरेल, हे ती ओळखून होती. बदकं परत येऊन पाण्यावर बसली. नको म्हणणारं कुणी नव्हतं आणि हो म्हणणारंही कुणी नव्हतं. त्यानं टॉवेल खांद्यावरून काढला, घडी घातली, गवतावर ठेवला. मग परत उचलला. मग भिरकावून दिला.

आणि त्यानं पाय टाकला.

घोटा, गुडघा, कंबर. पाणी कोमट होतं. छातीशी आलं तेव्हा त्याच्या तोंडून एक आवाज निघाला, हुंदका की हसू ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग त्यानं गॉगल खाली ओढला आणि हात मारायला सुरुवात केली. लिओंग आँटीनं बघितलं असतं तर डोक्यावर हात मारून घेतला असता, असं ते पोहणं. पाय वेडेवाकडे, पाणी उडतंय, श्वास चुकतोय. अर्ध्यात नाकात पाणी गेलं, ठसका लागला, आता बुडतो असं झालं. एकता शेजारीच होती. तिनं हात पुढे केला नाही, पण एका हाताच्या अंतरावरून हललीही नाही. शिवदास हातांचे फटके मोजत राहिला. सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ. मग बोटांना लाकूड लागलं.

शिडी चढून तो तराफ्यावर पालथा पडला. काठावर सरिता दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होती, चक्क नाचत होती ती. एकता वर येऊन त्याच्या पाठीवर डोकं टेकून पडली. तिच्या केसांतलं पाणी त्याच्या मानेवर गळत होतं. दोघेही धापा टाकत होते.

"बाबा," ती म्हणाली, "परत पण जायचंय हां. सेम डिस्टन्स, लाह."

"माहीत आहे गं मला, गप बस जरा," शिवदास म्हणाला, आणि उठून पाय पाण्यात सोडून बसला. समोर अख्खं तळं होतं. आठ वर्षांचा असताना छातीपर्यंत आलेलं ते गार पाणी त्याला आठवलं, आणि त्या आठवणीत पहिल्यांदाच वरच्या पायरीवर कुणी उभं नव्हतं.

तेवढ्यात पांढरी टोपी घातलेली एक म्हातारी पोहत पोहत तराफ्याशी आली. तिनं शिडीला एक हात धरला, वर बघितलं, आणि शिवदासला काहीतरी विचारलं. शिवदासनं आधी मागे वळून बघितलं, कुणाला विचारतेय म्हणून. मागे कुणी नव्हतं. म्हातारीनं पुन्हा विचारलं, तोच छोटा प्रश्न, काल चौकात ऐकलेला, आणि मोकळ्या फळीकडे हात केला. इथे मोकळं आहे का? ती त्यालाच विचारत होती. त्याची परवानगी मागत होती, आणि तो सांगेपर्यंत पाण्यात थांबली होती.

शिवदास खोब्रागडे तिच्याकडे बघतच राहिला. मग लगबगीनं बाजूला सरकला, ओल्या फळीवर हात आपटला आणि अस्सल मराठीत म्हणाला, "अहो, या की वर, बसा! विचारताय काय त्यात?"